भिंगीने मोजलेली बारीक वलयं

वनखात्याच्या प्रयोगशाळेत सगळे तिला भिंगी म्हणायचे. घड्याळजीची मुलगी, केसाएवढा फरकही तिच्या नजरेतून सुटत नसे. डोंगरातल्या पाइनच्या खोडांतून पोकळ गिरमिटाने काढलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या तिच्या टेबलावर यायच्या. त्या ती लाकडी खाचेत चिकटवायची, पॉलिश पेपरने घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली वलयं मोजायची. वर्षाला एक वलय. हवापाणी मानवलं की रुंद, नाही मानवलं की बारीक.

नवरा गावाजवळच्या तांब्याच्या भट्टीवर फोरमन. सकाळी डबे भरताना रोज चिडवायचा, "आम्ही तांबं वितळवतो, तू बस काड्या मोडत."

"मोडत नाही, मोजते. मोडल्या तर प्रयोगशाळेच्या मॅडम मला मोडतील."

एके वर्षी भट्टीखालच्या उतारावरचे पाइन शेंड्याकडून वाळू लागले. भट्टीचे मॅनेजर म्हणाले, दुष्काळ. पावसाचे आकडे पाहून मॅडमनाही तसंच वाटलं. भिंगीला मात्र चैन पडेना. तिने डोंगरापलीकडच्या दरीतल्या काड्या मागवल्या आणि शेजारी ठेवल्या. तिकडची झाडं कोरड्या वर्षी आखडायची, पुढच्या पावसात सावरायची. इकडे भट्टी सुरू झाली तेव्हापासून सुकाळ असो की दुष्काळ, वलय दोऱ्याएवढं. काही वर्षी तर वलयच नाही.

"मॅडम, पाऊस दोन्हीकडे सारखाच झाला," ती म्हणाली. "धूर तेवढा एकीकडेच जातो."

मॅडमनी तिघांकडून मोजणी करून घेतली. आकडे तेच आले.

घरी सांगायचं तिने चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी नवऱ्याला बाहेरून कळलंच.

"तुझ्या काड्या आम्हाला घरी बसवणार," तो म्हणाला.

"भट्टी बंद करा असं कोण म्हणतंय? धूर आवरा, एवढंच." मग हळूच विचारलं, "तुमचा खोकला कधीपासूनचा आहे?"

तो उठून गेला. तिसऱ्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन तिच्यासमोर येऊन बसला.

"छप्पर कोसळलं तेव्हा भट्टी दोन वर्षं बंद होती. ती वर्षं बघितलीस?"

भिंगीला हे ठाऊकच नव्हतं. तिने वर्षं लिहून घेतली आणि प्रयोगशाळेत जाऊन आधी सूक्ष्मदर्शक गाठला. नेमकी तीच दोन वलयं जराशी फुगलेली.

वनखात्याने भट्टीची चौकशी लावली तेव्हा नवऱ्याने उभं राहून त्या तारखा सांगितल्या. मॅनेजर वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. पण धुराड्याला धूर धुणारं यंत्र बसलं आणि भट्टीही चालू राहिली.

चार-पाच वर्षांनी उतारावरची वलयं रुंदावली. प्रयोगशाळेत पेढे आले असते, पण भिंगीनेच अडवलं. सर्वांत नव्या काड्यांत उतारावरची आणि पलीकडच्या दरीतली वलयं एकदमच बारीक होत होती.

"हे भट्टीचं नाही," ती मॅडमना म्हणाली. "हे उन्हाचं. उन्हाळा लवकर येतोय, बर्फ आधीच वितळून जातोय. याला कुठलं यंत्र बसवायचं?"

दरवर्षी दोन्हीकडून नमुने घ्यायचे, एवढं ठरलं. गिरमिट फिरवायला दणकट हात लागतात. निवृत्त झालेला नवरा आपणहून तयार झाला. चढावर त्याला दम लागतो. मग तो एखाद्या पाइनला टेकतो आणि भिंगी पुढच्या झाडावर खडूने खूण करते.