सखेद पत्रांच्या वकीलबाई

समस्त वऱ्हाडवासीयांना अत्यंत गांभीर्यपूर्वक आणि जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, विमा कंपनीचं पत्र माणसाला समजेल अशा भाषेत वाचून दाखवणारी बाई आता अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांत उरलेली नाही. तरी ज्यांच्या घरी असं पत्र येईल त्यांनी ते आपापल्या जबाबदारीवर उघडावं. उघडल्यावर जे काही होईल त्याला प्रस्तुत लेखक जबाबदार राहणार नाही.

हसू नका मंडळी. तुम्ही आमच्या वकीलबाईंना पत्र वाचताना पाहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला हसू येतंय.

पत्र हातात आलं की बाई आधी ते उताणं-पालथं करून बघत, बाजारात पालकाची जुडी बघावी तसं. मग खुर्ची मागे सरकवत, पत्र लांब धरत आणि खड्या आवाजात सुरू करत.

“‘सखेद कळविण्यात येते की’. हे झूट हाय. यायले काई खेद-बिद नाई. पुढं चाला. ‘उपलब्ध कागदपत्रांच्या अवलोकनाअंती’. म्हंजे कोनं तरी चाय पेता पेता पायलं. ‘आपला दावा ग्राह्य धरता येत नाही’. देत नाई म्हंते. झालं पत्र. आता रडाचं असन तं रड, नाई तं चाय घे.”

बहुतेक लोक चहा घेत. मी तर दोनदा घेत असे, कारण मी पक्षकार नव्हतो. मी विमा एजंट.

आमच्या धंद्याची एक गंमत सांगतो, कुणाला बोलू नका. हप्ता घ्यायचा असतो तेव्हा एजंटाइतका प्रेमळ माणूस सोयऱ्यांतही सापडत नाही. घरातल्या म्हशीचीसुद्धा चौकशी करतो. पण त्या घरात मयत झाली आणि कंपनीनं दावा नाकारला, की ह्याचा फोन कायम नॉट रिचेबल. मी मात्र फोन उचलायचो. माझा स्वभाव फार थोर आहे असं नाही. बाईंचा पत्ता माझ्याकडे होता, एवढंच. फोन घ्यायचा, पत्ता सांगायचा, आणि लोकांनी आपल्याला देवमाणूस म्हणायचं. इतक्या स्वस्तात देवपण कुठं मिळतं?

बाई राहायला अमरावतीला. जन्म परतवाड्याचा. वडील तिथल्या डेपोत कंडक्टर. बैठकीत बुद्धाची मूर्ती आणि तिच्या शेजारी वडिलांचा खाकी कपड्यातला फोटो. अकोल्याला तारीख असली की बाई मूर्तिजापूरवरून एस.टी.नं येत. गाडीत शिरल्या की जागा शोधत नसत, आधी कंडक्टरची चौकशी करत. ड्युटी कवाची, डबा खाल्ला का, पाय सुजतात का. मग जागा आपोआप व्हायची. मी एकदा तोच प्रयोग करून पाहिला. कंडक्टर म्हणाला, “पुढं सरका.”

बंद पडलेल्या पॉलिसींवर बाईंचा विशेष राग. आमच्याकडे माणूस बैलाच्या पायाला खिळा गेला तर धावपळ करतो, पण हप्ता राहिला तर म्हणतो, “पाहू नं पुढच्या महिन्यात.” सवलतीचे दिवस निघून जातात, पॉलिसी बंद पडते, आणि कुणाला पत्ताही नसतो. बाई म्हणत, “घरातलं माणूस वारलं अन् घरच्यायले दोन वर्सांनं समजलं, असं हाय हे.”

परतवाड्यातल्या एका लग्नात मी त्यांच्याबरोबर होतो. अक्षता पडल्या, बाई स्टेजवर चढल्या, नवरदेवाच्या हातात पाकीट दिलं, त्याच्या कानाशी वाकल्या. मला वाटलं आशीर्वाद देताहेत. नवरदेवाचा चेहरा उतरला. खाली आल्यावर मी विचारलं, “काय म्हटलं हो त्याला?”

“काई नाई. हप्ता चालू हाय का, म्हनलं.”

“लग्नात?”

“मंग कवा इचारू? कालपर्यंत थो मेला असता तं थो मेला असता. आता तिच्या कपाळाले लागन नं.”

एक गुरुजी होते. हप्ते थकले, पॉलिसी बंद पडली, आणि त्यानंतर ते ट्रॅक्टरच्या चाकाखाली येता येता वाचले. धोतर फाटलं, बाकी साबूत. ते बाईंकडे आले, अगदी अदबीनं बसले आणि म्हणाले, “बाई, वाचलो त्याचं काही मिळते का?”

“भेटते नं.”

“काय?”

“धोतर शिवून.”

आणि खरंच, बाईंनी कपाटातून सुईदोरा काढला. एकीकडे टाके घालत होत्या आणि दुसरीकडे पॉलिसी पुन्हा चालू कशी करायची ते गुरुजींना समजावत होत्या. गुरुजी टॉवेल गुंडाळून ऐकत होते. बाईंचं वकिलीचं काम मला आठवतं ते असं.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. दुपारी जेवून खुर्चीत बसल्या आणि तशाच राहिल्या. अपघात नाही, वाद नाही. कंपनीला सखेद काही कळवायची संधीच दिली नाही. आता अकोल्याच्या ग्राहक आयोगाच्या व्हरांड्यात लोक आपापली पत्रं घेऊन बसलेले दिसतात. मनातल्या मनात वाचतात. ओठ हलतात, समजत काही नाही.

पण मंडळी, मला बाई आठवायच्या असल्या की मी त्या दुपारी मिटलेले डोळे आठवत नाही. मला रेखाचा खटला आठवतो.

रेखा बार्शीटाकळीची. नवरा मोटरपंप दुरुस्त करायचा. कुणाच्या वावरातली मोटर बंद पडली की ह्याला बोलावणं. हा विहिरीत उतरायचा, बघायचा, वर यायचा. पॉलिसी माझ्याकडूनच घेतली होती, अपघाती लाभासकट. हप्ते सगळे भरलेले. एक दिवस एका वावरातल्या विहिरीत तो बुडून मेला. कंपनीनं मूळ रक्कम दिली. अपघाताची जास्तीची रक्कम नाकारली. मी रेखाला बाईंकडे घेऊन गेलो.

बाईंनी पत्र उताणं-पालथं केलं. सुरू केलं. ‘सखेद’ झालं, ‘अवलोकनाअंती’ झालं. आणि मग बाई थांबल्या. पुढची ओळ त्यांनी मनात वाचली. तसं त्यांना करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

रेखा म्हणाली, “वाचा नं बाई थे ओळ. मले ठाऊक हाय काय लिवलं थे.”

तिथं लिहिलं होतं की हा मृत्यू अपघाती नसून आत्महत्या आहे.

“पयशाचं जाऊ द्या बाई. पन माही पोरगी शाळेत जाते. तिले पोरी म्हंतेत, तुही माय भांडली म्हून तुहा बाप इहिरीत गेला.” ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “अन् खरं सांगू? कदी कदी मलेबी तसंच वाटते.”

बाईंनी पत्र बाजूला ठेवलं. “सकाळपासून सांग. उठला तवापासून.”

सकाळी रेखानं बेसन-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, वाढली होती. तो म्हणाला, “रोज रोज बेसन! तुले दुसरं काई येत नाई का?” ती म्हणाली, “येते, पन आनून तं दे.” त्यानं ताट सरकवलं आणि उपाशीच निघून गेला. हत्यारं घ्यायला आपल्या दुरुस्तीच्या दुकानातही गेला नाही. दुपारी निरोप आला.

रेखानं हे भांडण पोलिसांना जसंच्या तसं सांगितलं होतं. तिला काय ठाऊक, बेसन कंपनीच्या कागदावर चढेल म्हणून! पंचनाम्यात होतं की विहिरीच्या काठावर चपला, घडी घातलेला शर्ट आणि मोबाइल ठेवलेला सापडला. आणि वावराच्या मालकाचा जबाब होता की मी त्याला बोलावलं नव्हतं, मी सकाळीच अकोल्याला गेलो होतो. कंपनीनं तिन्ही गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या.

आयोगासमोर कंपनीचे वकील उभे राहिले. तरुण, कडक इस्त्रीचे. म्हणाले, “घरी भांडण झालेलं. हत्यारं दुकानातच. चपला, शर्ट, मोबाइल काठावर नीट ठेवलेले. महोदय, अपघात होणारा माणूस आधी चपला काढून ठेवतो का?”

बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “वकीलसाहेब, तुमी आंगोळीले बुटासकट जाता का?”

सगळे हसले. अध्यक्षही हसले, आणि मग हसू आवरून म्हणाले, “बाई, विहिरीत उतरणारा माणूस कपडे काढून उतरतो, हे मान्य. पण तो कामासाठीच उतरला, हे कोण सांगणार? त्याला कुणी बोलावलेलं नाही.”

तिथं सहसा सगळं कागदावर चालतं. पण बाईंनी अर्ज केला, हट्ट धरला आणि पुढच्या तारखेला वावराच्या मालकाला समोर उभं केलं. साधा माणूस, डोक्याला दुपट्टा, नजर फरशीवर. मला वाटलं, आता बाई त्याला सोलून काढणार. बाईंनी त्याला विचारलं, “हरभरा कसा हाय अवंदा?”

“बरा हाय.”

“वहिनी वावरातच राह्यते नं? गुडघे कसे हायेत तिचे?”

“दुखतेत. तरी कामाले हटत नाई.”

“गड्यायच्या भाकरी तिच थापते?”

“तिच थापते नं.”

“त्या दिवशी काय रांधलं होतं?”

“बेसन.” तो चटकन म्हणून गेला. आजवर त्याला जो तो विहिरीबद्दल विचारत आला होता. बेसनाचं उत्तर त्यानं तयार केलेलं नव्हतं.

“तुमी तं सकाळीच अकोल्याले गेलते.”

“जेवून गेलो मी.”

“एकटेच जेवले?”

कंपनीचे वकील उठले. “महोदय, ह्या प्रश्नाचा दाव्याशी काय संबंध?”

“दाव्याशी नसन,” बाई म्हणाल्या, “भुकेशी हाय.”

 मालकानं पहिल्यांदाच मान वर केली आणि मागच्या बाकावरच्या रेखाकडे पाहिलं. बाई त्याच्याजवळ गेल्या. आवाज इतका खाली आणला की आम्हाला कान द्यावे लागले.

“भाऊ, तुमाले कोनी फासावर नेऊन नाई राह्यलं. पन हे रेखा सोताले रोज नेऊन राह्यली. सांगून टाका.”

त्या माणसानं डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला.

“रस्त्यात भेटला थो,” तो म्हणाला. “मीच गाडीवर बसवून नेलं. मोटर पानी फेकत नवती. थो म्हने, हत्यारं नाईत, पन उतरून पायतो काय झालं थे, मंग दुकानातून सामान आनतो. उतरला. मधातल्या पायरीचा गोटा निखळला. डोकं आपटलं अन् गेला खाली. म्या वरडलो, पन इहीर घरापासून लय लांब, तिथं कोन असनार?” त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. “मले भेव वाटला साहेब. पोलीस म्हनतीन, खचलेल्या इहिरीत मानूस काहून उतरवला. म्हून म्या सांगतलं, बोलावलंच नाई.”

 कंपनीचे वकील कागद चाळत होते, त्यांना हवा तो कागद सापडत नव्हता.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “उतरण्याआधी तो तुमच्याकडे जेवला होता?”

“जेवला नं साहेब. आमी दोघं संगंच बसलो. घरवालीनं वाढलं. त्यानं दोनदा मांगून घेतलं बेसन. लय हासून राह्यला होता. निंगता निंगता म्हने, वहिनी, पुन्हा येईन तवाबी हेच करा.”

निकाल पुढे रेखाच्या बाजूनं लागला, आणि ‘आत्महत्या’ हा शब्द कागदावरून गेला. पण त्या क्षणी निकालाचं कुणाला भान होतं? आम्ही सगळे मान वळवून रेखाकडे पाहत होतो. आता ही हंबरडा फोडणार, असं वाटून बाई पाण्याची बाटली घेऊन तिच्याकडे निघाल्यासुद्धा. रेखा उभी राहिली. तिचे डोळे वाहत होते, आणि नाकपुड्या रागानं फुललेल्या. नवरा जणू समोर जेवून ढेकर देत बसला आहे अशा आवाजात, भर आयोगात, ती कडाडली,

“दोनदा मांगून! अन् माह्या घरी बेसन पायलं का ताट सरकवे!”