गाजरगवताचं वजन

मी पाठवलेल्या पार्सलातून तुमच्या तिकडच्या कस्टमवाल्यांनी अंबाडीचं बी काढून घेतलं आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी पुढे जाऊ दिली. तुमच्यातल्या थोरलीने चिडून लिहिलं आहे, "एवढ्याशा पुडीने त्यांचं काय बिघडणार होतं?" मला मात्र त्या माणसाचा राग आला नाही. परकं बी एकदा मुलखात शिरलं की काय होतं, आणि ते शिरल्यानंतर सरकार काय करतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. राग मला तेव्हा आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. क्रमाने सांगते.

तेव्हा आम्ही सोलापुरात राहत होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. तुमच्या आजोबांची थोरली बहीण मंगळवेढ्याजवळच्या एका गावात दिलेली होती. मी त्यांना वन्सं म्हणत असे, त्या मला वैनी म्हणत. त्यांचे यजमान लवकर गेले, एकुलत्या मुलीचं लग्न होऊन ती वैरागला गेली, आणि शेत वन्सं स्वतः पाहू लागल्या. रोज सकाळी डोक्यावर पदर घट्ट खोचून बांधावरून एक फेरी मारल्याशिवाय त्या चहा घेत नसत.

तिकडची जमीन काळी, खोल. पावसाळाभर ती मोकळी ठेवायची, पुन्हा पुन्हा कुळवून ओल धरायची आणि हस्ताच्या सुमाराला ज्वारी पेरायची. माघ-फाल्गुनात कणसं खुडली की उरतात ती वाळलेली ताटं म्हणजे कडबा. ज्वारीवर माणसं जगतात, कडब्यावर बैल. वन्संची खिलार जोडी होती. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी ती विकली नव्हती. सरकारी छावणीत दावणीला बांधली, रोज स्वतः जाऊन पाणी दाखवलं आणि हाडं वर आलेली ती जनावरं पुन्हा घरी आणली. त्यानंतर "बैल विका, भाड्याने औत घ्या" असं कुणी म्हटलं, की वन्सं त्याच्याशी आठवडाभर बोलत नसत.

दुष्काळ सरला आणि दोनेक वर्षांत गाजरगवत आलं. गाजरासारखी कातरलेली पानं, वर साबुदाण्याएवढी पांढरी फुलं, दुरून दिसायला छानच. परदेशातून रेशनवर येणाऱ्या गव्हाबरोबर ते आलं असं सगळे म्हणत. आधी सोलापूर स्टेशनच्या मालधक्क्याजवळ दिसलं, मग रस्त्यांच्या कडेने, मग एसटीच्या प्रत्येक थांब्यावर. कुठलंही जनावर त्याला तोंड लावत नसे. हाताने उपटलं की अंगाला खाज सुटे, बोटं सुजत. एका रोपाला बी किती धरतं याला गणती नव्हती.

सरकारने काहीच केलं नाही, असं मला म्हणायचं नाही. सरकारने जे केलं त्याचीच माझी तक्रार आहे.

निर्मूलनाची मोहीम निघाली. प्रत्येक गावाने किती गवत उपटायचं ते वरून ठरून आलं आणि ते ठरलं वजनात. नागपंचमीला मी वन्संकडे गेले होते, तेव्हा चावडीपुढे काटा लागलेला पाहिला. बाजारात ज्वारीची पोती ज्याच्यावर मोजतात तसलाच, तीन बांबूंना टांगलेला. शाळेतली मुलं, मास्तर, रोजगारावरच्या बायका गवताच्या पेंढ्या आणून टाकत होत्या. प्रत्येक पेंढी फुलांनी पांढरी झालेली. ग्रामसेवक वहीत आकडे मांडत होते आणि मधूनच ओरडत होते, "मुळाची माती झाडू नगा, वजन जातंय!"

वन्सं काट्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊसाहेब, गवत मोजताय का आमच्या रानातली माती?"

"आक्का, वरनं वजन मागत्यात. आमी काय करणार?"

"आखाडात मी काय म्हणत हुते? बोटभर हुतं, फूल न्हवतं, तवा का न्हाय उपटलं?"

"बोटभर गवताचं वजन किती भरतंय? गाव मागं पडलं असतं की."

पेंढी खाली टाकणारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "व्हय की. पोटुशी झाल्याबिगर वजन कुटनं यायचं?" सगळे हसले. ग्रामसेवकही हसले. मीही हसले, पण पुढचं ऐकलं तेव्हा हसू थांबलं.

मोजून झालेल्या गवताचा ढीग गायरानात लावत होते. गायरान वन्संच्या रानाच्या वरच्या अंगाला. पावसाचं पाणी तिथून ओघळीने सरळ त्यांच्या रानात उतरायचं. वन्संनी सरपंचांना सांगितलं, जाळून टाका. सरपंच म्हणाले, ओलं गवत जळत नाही. मग खड्ड्यात पुरा. तर तेही नाही, कारण जिल्ह्याची तपासणी व्हायची होती. साहेबांनी ढीग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो हलवायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही, असा हुकूम होता.

"आणि तोवर पाऊस आला तर?"

"पावसाला काय हुकूम देता येतोय व्हय, आक्का?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "वैनी, तुमी शिकलेल्या. तुमचं इंग्रजी कुटंतरी कामाला येऊ द्या."

सोलापूरला परतताच मी इंग्रजीत अर्ज लिहिला. काय घडतंय, कशामुळे, आणि ढीग हलवणं का तातडीचं आहे, असे तीन परिच्छेद. तो घेऊन स्वतः जिल्ह्याच्या कचेरीत गेले. इंग्रजीचा फायदा झाला, नाही असं नाही. बसायला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, साहेबांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"मॅडम, ड्राफ्टिंग फार सुंदर आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "धन्यवाद. ढीग कधी हलेल?"

"तपासणी झाली की लगेच."

"तपासणी कधी?"

"पथक फिरतंय. मोठा जिल्हा आहे. आज अक्कलकोट, उद्या टेंभुर्णी."

"पण बी खाली गळतंय. उत्तरा नक्षत्राचा एक पाऊस झाला की ते शेतात जाईल. आणि मुळात फूल येण्याआधीच उपटायचं, असं आपल्याच पत्रकात छापलंय ना?"

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने पेन खाली ठेवलं आणि माझ्या वर्गातल्या मुलाला मी समजावते तसं मला समजावलं. "खरं आहे. पण मॅडम, उपटलेलं गवत मोजता येतं. न उगवलेलं कसं मोजायचं? वरती काय दाखवायचं?"

माझा अर्ज तालुक्याला पाठवतो असं ते म्हणाले आणि त्यांनी तो पाठवलाही. तालुक्याने तो ग्रामपंचायतीला पाठवला, आणि ग्रामपंचायतीने वन्संना निरोप दिला की तुमचा अर्ज आला आहे, योग्य ती कार्यवाही चालू आहे.

उत्तरेचा पाऊस झाला. चांगला झाला, शेतकऱ्याने मागावा तसा. गायरानातून तांबूस पाणी ओघळीने रानात उतरलं आणि चार ठिकाणी पसरून बसलं. हस्तात वन्संनी ज्वारी पेरली. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा ज्वारीच्या तासांमधून, म्हणजे ओळींमधून, गाजरगवत असं दाटलं होतं, की पेरलेलं कुठलं आणि आलेलं कुठलं ते वाकून पाहावं लागत होतं.

खुरपायला बायका आल्या. पहिल्या दिवशी गाणी म्हणत काम झालं. दुसऱ्या दिवशी हात सुजून आल्या. नंतर आल्याच नाहीत, आणि त्यांना बोल लावायची सोय नव्हती. एकीचे डोळे इतके सुजले होते, की तिला दारातली माणसं ओळखू येत नव्हती. वन्सं स्वतः खुरपं घेऊन बसायच्या. कोपरापर्यंत फोड यायचे, त्यावर करडईचं तेल चोपडायचं आणि पुन्हा बसायचं. पण एका बाईने किती खुरपायचं? वरच्या अंगाची दोन-चार तासं साफ व्हायची, तोवर खालच्या अंगाला फुलं यायची.

याच सुमाराला तपासणीचं पथक आलं. जीपमधून उतरून साहेबांनी गायरानातला ढीग पाहिला. तो आता चिपाडासारखा वाळून अर्धा झाला होता. त्याच्यापुढे उभं राहून सरपंचांसह फोटो काढला. गावाचा तालुक्यात दुसरा नंबर आल्याचं तिथेच जाहीर झालं. परतताना एका साहेबांची नजर वन्संच्या रानाकडे गेली. ते बांधावर आले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, गावाने एवढं काम केलं आणि तुम्ही स्वतःच्या शेतात हे वाढू दिलंत? जरा लक्ष द्यायला हवं."

मी पुढे झाले. पण वन्संनी माझा हात धरून मागे ओढला. त्यांचा तळहात खरखरीत आणि गरम होता. "ऱ्हाऊ द्या वैनी," त्या म्हणाल्या. "तुमचं इंग्रजी ऐकून त्यो पुन्ना चा पाजंल."

ज्वारी आली, पण खुरटी. कणसं निम्मी पोकळ. त्याहून वाईट झालं ते कडब्याचं. प्रत्येक पेंडीत वाळलेलं गाजरगवत शिरलेलं. बैलांपुढे पेंडी टाकली की ते हुंगायचे आणि मान फिरवायचे. वन्संनी पेंड्या सोडून, एकेक काडी निवडून पाहिली. गुढीपाडव्यापर्यंत ते जमलं. मग जमेना. कडबा विकत घ्यावा तर आजूबाजूच्या सगळ्याच रानांची थोडीफार तीच गत होती.

बैल विकायचे नव्हते, म्हणून शेवटी ते वैरागला पाठवले. मुलीच्या सासरी. तिचे सासरे भले गृहस्थ. त्यांची कडब्याची गंज भरलेली होती आणि त्यांनी आपणहून बोलावणं पाठवलं. पण तुम्हाला कसं सांगू, ज्या बाईने लेकीच्या घरी गेल्यावर पाण्याचा घोटसुद्धा संकोचून घेतला, तिला आपली जनावरं व्याह्यांच्या वैरणीवर जगवायला लागली. गडी बैल घेऊन निघाला तेव्हा मी तिथे होते. वन्संनी दोघांच्या पाठीवर हात फिरवला, गडी वळणाआड जाईपर्यंत पाहिलं आणि मग मला म्हणाल्या, "दुस्काळात सरकारच्या दावणीला बांधली, त्याची लाज न्हाय वाटली. समद्यांचीच हुती. औंदा पाऊस लई चांगला झाला, आणि माजी जनावरं व्याह्याच्या दारात."

त्या रडल्या नाहीत. आत जाऊन रिकामा गोठा झाडायला लागल्या.

पाऊस पडला तसे बैल परत आले. आषाढात गायरानात नवं गवत बोटभर उगवलं. वन्संनी कुणाला अर्ज केला नाही. जिच्या जिच्या रानात पाणी उतरायचं, त्या त्या घरच्या बाईला बोलावलं. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या हाताला गुंडाळल्या आणि सकाळी ओल असताना सगळं गायरान उपटून काढलं. पुन्हा उगवलं तेव्हा पुन्हा काढलं. खड्डा खणून सगळं पुरलं. श्रावणात चावडीपुढे काटा लागला, तेव्हा त्याच्यावर टाकायला गावात काही नव्हतं.

मी तेव्हा तिथेच होते. सरपंच दुपारी वन्संच्या ओसरीवर येऊन बसले. चेहरा उतरलेला. तालुक्याला बोलावून साहेब त्यांना सगळ्यांसमोर बोलले होते: गेल्या वर्षी दुसरा नंबर, यंदा एक पेंढी नाही, गाव झोपलंय का?

"मग सांगायचं की, साफ केलंय म्हनून," वन्सं म्हणाल्या.

"सांगितलं. तर म्हनले, वजन दाखवा." सरपंचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आक्का, थोडं तरी ठिवायचं हुतं की."

वन्सं हसल्या. सरपंच मात्र हसले नाहीत. मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. शेजारच्या गावातून एक बैलगाडीभर गवत उसनं आणायचं ठरलं होतं. मोजायचं, साहेबांना ढीग दाखवायचा, मग परत द्यायचं.

"ढीग कुटं लावायचा म्हनता?"

"गायरानात. दुसरी जागा कुटं हाय?"

वन्सं उठल्या. गोठ्यातून बैल सोडले आणि गावाच्या शिवेवर, जिथून शेजारच्या गावची वाट आत येते, तिथे नेऊन आडवे उभे केले. मी छत्री घेऊन त्यांच्यामागे धावले, माझ्यामागे सरपंच. थोड्या वेळाने गाडी आली. वर पांढरंशुभ्र फुललेलं गवत, चाक खड्ड्यातून गेलं की बारीक बी धुळीत सांडत होतं.

"आक्का, बैल बाजूला घ्या. लोकं हसत्यात," सरपंच म्हणाले.

"हसू द्या. चाक आत येऊ द्यायची न्हाय. मोजायचं त्ये हितंच मोजा."

पुष्कळ बोलाचाली झाली. शेवटी चावडीपुढचा काटा उचलून शिवेवर आणला. वन्संनी घरून ताडपत्री आणवली आणि बांबूंच्या खाली अंथरायला लावली. एकेक पेंढी मोजली, ग्रामसेवकांनी आकडे मांडले, गवत पुन्हा गाडीत चढवलं. ताडपत्रीवर पडलेलं बीसुद्धा वन्संनी गोळा करून गाडीतच टाकलं. साहेबांना दाखवायच्या ढिगाचं काय करायचं, असं ग्रामसेवकांनी विचारलं. सरपंच थकून म्हणाले, "जाळला म्हनून सांगू."

वन्संच्या रानात त्या वर्षी ज्वारी डोक्याच्या वर गेली आणि बैल घरच्या कडब्यावर राहिले. ती गाडी दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाच्या काट्यावर गेली. तेच गवत तिथेही मोजलं गेलं, तिथल्याही वजनात धरलं गेलं आणि मग तपासणीची वाट पाहत त्यांच्या ओढ्याच्या काठी पडून राहिलं. पुढे उत्तरेचा पाऊस झाला. त्या ओढ्याच्या खालच्या अंगाला कुणाची रानं होती, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.