कपाळावरचा व्रण

खडेबाजारातला आमचा फोटोवाला खुर्चीत बसला तरी त्याचा गुडघा हलतच असतो. वर्षश्राद्धासाठी ह्यांचा फोटो मोठा करायला दिला, तर त्यानं फोनवरच कपाळावरचा व्रण पुसून टाकला. गेलेल्या माणसाला इथं गुळगुळीतच करतात, बघा. घरातली प्रत तर ओलीनं खराब झालेली.

"आरं, हे आमचे न्हवंत," मी म्हटलं. "कॉम्प्युटरवर मूळचा असंल, त्यो दाव."

"तिथंबी पुसला असणार, आक्का. एकीकडं केलं की सगळीकडं हुतंय. पण मूळ फोटो त्याच्याखाली तसाच ऱ्हातोय."

त्यानं फोनवरचे बदल काढून टाकले. क्लाउडचं चक्र फिरत राहिलं, गुडघाही हलत राहिला. मग कॉम्प्युटरवर व्रण उमटला आणि गुडघा थांबला.

"आले बघा अण्णा," तो हळूच म्हणाला.