हसरा शिक्का

फुटपट्टी बाई सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून वर्षभर परदेशी शिकवायला गेल्या, त्या काही संस्कृतीच्या ओढीने नव्हे. मुख्याध्यापक निवृत्त होणार होते आणि परदेशी शिकवल्याचं प्रमाणपत्र आणेल त्यालाच ती खुर्ची, असं संस्थेने सांगून टाकलं होतं. सव्वीस वर्षं गणित शिकवून केस पिकलेल्या बाईंना खुर्ची हवी होती. वह्या तपासण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. समासाची रेघ जरा वाकडी दिसली तरी वही परत जायची. फुटपट्टी हे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

तिथल्या शाळेत पाऊल ठेवलं आणि बाईंचं नाक जे मुरडलं, ते मुरडलेलंच राहिलं. वर्गात गालिचे, शिक्षकांच्या खोलीत कॉफीचं यंत्र, आणि पाढे एकाही पोराला येत नव्हते. कार्यक्रमाची संयोजिका सदा हसतमुख. तिने बाईंना गणिताचा एकही तास दिला नाही. बाईंनी वर्गावर्गात जायचं, आपल्या भाषेत 'नमस्कार, मी बाई' म्हणायचं, मुलांनी ते घोकायचं, टाळ्या, फोटो, पुढचा वर्ग.

"मुलांना तुम्ही फार आवडता," संयोजिका म्हणायची.

"आवडायला मी काय सर्कशीतलं अस्वल आहे?" रविवारी बाई फोनवर नवऱ्यापुढे फणफणायच्या.

"प्रमाणपत्र घे आणि ये. तुला काय करायचंय त्यांच्याशी?" तो म्हणायचा.

मायदेशी परतायला तीन आठवडे उरले असताना गणिताचा मास्तर वह्यांचा गठ्ठा टेबलावर टाकून व्यायामाला निघून गेला. चूक दाखवली की मूल खचतं, असं या शहाण्याचं मत. म्हणून तो वह्या तपासायचाच नाही, पानापानावर हसऱ्या चेहऱ्याचा शिक्का मारायचा. बाईंनी सहज एक वही उघडली. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. अर्ध्यात भर घातली आणि ते अर्ध्याहून कमी झालं, तरी खाली हसरा शिक्का! दुसऱ्या वहीत तेच, तिसरीतही तेच. बाईंचा हात आपोआप पर्समधल्या लाल पेनाकडे गेला. बिनतपासलेला गठ्ठा समोर ठेवून गप्प बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. दीड तासात एकतीस वह्या झाल्या. इतक्या महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदा बाईंना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बाईंना त्यांच्याबद्दल थोडा आदर तरी वाटला असता. बाईंनी स्वतःच्या हाताने सगळ्या फुल्या पांढऱ्या शाईने पुसाव्यात, आणि मुलांनी विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर आपापल्या जागी बरोबर होतं असं सांगावं. नाहीतर प्रमाणपत्राचा विचार करावा लागेल, असं संयोजिका हसत म्हणाली.

ढोंगी मेले, बाई मनात म्हणाल्या, आणि पांढऱ्या शाईची बाटली घेऊन बसल्या.

अर्धा गठ्ठा संपला तेव्हा मागच्या बाकावरची चष्मेवाली मुलगी समोर येऊन उभी राहिली. वर्षभरात तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. तिच्या हातात घड्या पडलेला कागद होता.

"बाई, मी घरी याचे सहा सारखे भाग केले. अर्धा म्हणजे तीन भाग. तिसरा हिस्सा म्हणजे दोन. मिळून सहातले पाच होतात. तुमची फुली बरोबर होती. मग पुसता का?"

सव्वीस वर्षांत असं स्वतःहून शोधून आलेलं पोर बाईंना बोटावर मोजण्याइतकंच भेटलं होतं. दारात संयोजिका उभी होती.

"तुझं आधीचं उत्तरही बरोबरच होतं," बाई म्हणाल्या.

मुलीने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. वर्षभर बाई ज्या नजरेने तिथल्या सगळ्यांकडे बघत आल्या होत्या, तीच नजर. मग कागद चुरगळून तिने टोपलीत टाकला आणि गेली.

प्रमाणपत्र मिळालं, खुर्चीही मिळाली. तिकडच्या मूर्खपणाचे किस्से बाई अजून नाक मुरडून सांगतात, ऐकणारे पोट धरून हसतात. एखादं पोर वही घेऊन आत आलं आणि म्हणालं, "बाई, हे बरोबर आहे का?" तर मात्र त्या वर न बघता म्हणतात, "वर्गशिक्षकांना विचार."