अर्धी बिडी

ये बाबा, जवळ बस. अरे, पुढच्या महिन्यात वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन आणि शर्टाला अजून सिगारेटचा वास? काय म्हणावं तुला!

मागे मी गुडघे दाखवायला नाशिकच्या दवाखान्यात गेले होते ना, तेव्हा बाकावर शेजारी एक गृहस्थ होते. मनमाडचे, रेल्वेतले. तुझं व्हायचंय तेच ऑपरेशन त्यांचं झालेलं, सदरा अंगावर नुसता लोंबत होता. चहा बशीत ओतून चमच्याचमच्याने घेत होते आणि हात सारखा वरच्या खिशाकडे जायचा. खिशात काय, तर भाजलेली बडीशेप. माझ्याही हातावर चिमूटभर ठेवली.

"ताई, पोट लहान झालं, म्हटलं आता बिडीपण अर्धीच ओढू," स्वतःवरच हसत ते म्हणाले. "वजन उतरलं, गुडघेबी हलके झाले. पण बिडीनं आत टाक्यांपाशी जखम झाली. डॉक्टर लय रागावले. म्हणाले, वजनाबरोबर अंगातली सूज उतरत होती, ती तुमची अर्धी बिडी परत चढवते."

"मग सोडली की नाही?"

"आजच्यापुरती सोडली हाय. उद्या सकाळी परत सोडायची."

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. उठतानाही हात खिशाकडे गेला, बडीशेप चाचपून खाली आला. एवढीच आमची ओळख. पण माणूस रोज सकाळी नव्याने लढत होता रे, आणि वर हसत होता.

तू आजच्यापुरती सोड. आणि रविवारी ये, खिसा रिकामा ठेवून ये. बडीशेप मी भाजून ठेवते.