जोडीतलं स्पेअर

आमच्या घरात बऱ्याच वस्तू जोडीनं नांदतात. दोन मिक्सर, एकाच मॉडेलचे. दोन इस्त्र्या, दोन टेबलफॅन, आणि एके काळी दोन स्कूटर, रंगसुद्धा तोच. ही माझी नोकरीतली खोड. सरकारी कारखान्यात आयुष्य काढलं, आणि परदेशातून आलेली अवाढव्य यंत्रं एका वॉशरपायी ताडपत्रीखाली पडून राहिलेली पाहिली. तेव्हापासून घरी नियम केला, की घ्यायचं तर एकसारखं दोन घ्यायचं. एक बिघडलं की दुसऱ्याचे भाग काढून ते चालवायचं. हे तत्त्वज्ञान मी मल्लेश्वरममधल्या शेजाऱ्यांना कॉफीबरोबर फुकट वाटत आलोय. बायको एवढंच म्हणते, "बरं झालं, मी नवरा एकच केला. नाहीतर तुमच्याच नियमानं दुसरा माळ्यावर ठेवावा लागला असता, स्पेअर म्हणून."

निवृत्तीनंतर आम्ही अंदमानला गेलो. तिथं तिनं हौस म्हणून पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारली आणि वर आली ती वेगळीच बाई होऊन. पुढच्या वर्षी दोघांनी रीतसर स्कूबाचं शिक्षण घेतलं. तिला फक्त एका गोष्टीची धास्ती होती. भाड्याच्या रेग्युलेटरनं एकदा तिच्या तोंडात हवेऐवजी खारं पाणी सोडलं होतं. रेग्युलेटर म्हणजे टाकीतली दाबून भरलेली हवा फुफ्फुसांना झेपेल इतकी सौम्य करून तोंडाशी आणून देणारं यंत्र. घरच्या गॅसला असतो त्याचाच शिकलेला भाऊ. "माझं स्वतःचं असेल तरच मी पाण्यात उतरेन," तिनं जाहीर केलं.

मी अर्थातच दोन घेतले. एकसारखे. मॉडेल जुनं होतं, कंपनी ते बंद करणार होती, पण मला त्यात 'काळाच्या कसोटीला उतरलेलं' एवढंच दिसलं. ओळखू यावा म्हणून तिनं आपल्या रेग्युलेटरला पिवळी लोकर बांधली. त्या लोकरीवाल्या रेग्युलेटरवर तिचा असा जीव बसला की खाली गेल्यावर ती झोपलेल्या बाळासारखी संथ श्वास घ्यायची. मी मात्र तसाच दुसरा रेग्युलेटर तोंडात घेऊन लोहाराच्या भात्यासारखा चालायचो आणि माझी टाकी नेहमी तिच्याआधी रिकामी व्हायची.

या यंत्राला वेळच्या वेळी सर्व्हिसिंग लागतं. आतल्या रबरी रिंगा आणि प्लास्टिकची एक छोटी चकती बदलावी लागते. इंदिरानगरच्या दुकानात एक मुलगी हे काम करते. बेळगावची आहे, त्यामुळे आमच्याशी मराठीत बोलते, फोनवर कन्नडमध्ये आणि यंत्राशी इंग्रजीत. या वर्षी मी चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, "काका, तुमच्या मॉडेलचं किट आता येत नाही की ओ. कंपनीनं बंद केलंय. कपाटात एक शेवटचं हाय. कुणाच्यात घालू?"

"काकूंच्या," मी उदारपणे म्हणालो. मुर्डेश्वरला जाऊन नेत्राणी बेटाशी बुडी मारायचं ठरलं होतं, आणि तिचा रेग्युलेटर ठीक नसेल तर ती नावेत बसून राहील हे मला पक्कं ठाऊक होतं. माझा काय, हे वर्ष ढकलला असता.

"सरी, चालतंय. मग शनिवारी घेऊन या."

शनिवारपर्यंत मी गप्प बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मळकट यंत्र दुसऱ्याच्या हाती देणं माझ्या संस्कारात बसत नाही. 'फक्त पुसून ठेवतो' म्हणत मी डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र अंथरलं आणि लोकरीवाला रेग्युलेटर उघडला. आतून बोटाएवढा पोकळ पिस्टन निघाला. त्याच्या टोकाची कडा कमालीची धारदार, त्यावर जरा पांढरट थर. मला वाटलं, ही कडा नीट बसत नसणार. कारखान्यात व्हॉल्व्ह गळू लागला की आम्ही पेस्ट लावून तो घासायचो, दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे सपाट होईपर्यंत. त्या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता. पेस्टची डबी माझ्याकडे होती. डब्या दोन होत्या, हे सांगायला नकोच.

मी तासभर तल्लीन होऊन घासलं. बायको शेजारी वाल सोलत होती.

"अहो, ते इतकं गुळगुळीत असायला हवं का?"

"अगं, गळतीचं मूळच खरखरीतपणात असतं."

"तिला फोन करून विचारा की एकदा."

"काल शिकून आलेल्या पोरीला मी विचारू?"

ती फक्त वाल जरा जोरात सोलू लागली.

शनिवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. मुलीनं रेग्युलेटर उघडला, डोळ्याला भिंग लावलं, पिस्टन उजेडात फिरवला. मग भिंग खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"काका, ह्याची धार कुठं गेली?"

"काढली."

"काढलासा? कशाला ओ?"

"नीट बसावा म्हणून."

"अहो, ती धारच त्या मऊ चकतीत रुतून हवा अडवते. सपाट केल्यावर काय अडवणार? हे आता शोकेसमध्ये ठेवायचं."

बायकोनं पिवळी लोकर बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. नवा पिस्टन मिळेल का, मी विचारलं. "किटच मिळेना, पिस्टन कुठनं आणू?"

मग मी कामाला लागलो. परदेशातल्या विक्रेत्यांना पत्रं लिहिली. काहींनी खेद व्यक्त केला, काहींनी नव्या मॉडेलचे फोटो पाठवले. पीण्या औद्योगिक वसाहतीतला एक जुना सहकारी संगणकावर चालणाऱ्या लेथवर पिस्टन करून द्यायला तयार झाला. म्हणाला, "स्वल्प वेळ दे, कंपनीपेक्षा भारी करतो." मी उड्या मारत दुकानात फोन केला. मुलगी म्हणाली, "काका, त्यावर काकू श्वास घेणार हायत. पाण्याचा पंप न्हवं त्यो." मी फोन ठेवला आणि सहकाऱ्याला नको म्हणून कळवलं.

बायकोनं तोवर प्रवासाची बॅग काढली होती, आणि स्वतःच्या कप्प्यात फक्त पुस्तक आणि उन्हाची टोपी ठेवली होती. पोहण्याचा पोशाख कपाटातच. "तुम्ही उतरा," ती म्हणाली, "मी नावेत वाचत बसेन." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी ती पडदे ओढायला गेली आणि खिडकीशेजारच्या खुंटीपाशी थांबली. तिथं माझा रेग्युलेटर लटकत होता.

"अहो, दोन एकसारखे कशाला घेतले होते आपण?"

"सुट्या भागांसाठी."

"मग?"

आता खरं सांगतो. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आमच्या घरातला नियम कागदावर समतेचा होता, पण सुटे भाग आजवर निघाले ते कुठून? दोन स्कूटरींपैकी नागवी झाली ती तिची. मिक्सरांपैकी मोटार गेली ती तिच्या माहेरच्या आहेरातल्या मिक्सरची. स्पेअर म्हणजे कायम तिचं, हे मी न ठरवता ठरवून टाकलं होतं. माझ्या वस्तूचं पोट कुणी फाडेल ही कल्पनाच माझ्या तत्त्वज्ञानात नव्हती.

"माझा ना... जरा चांगल्या स्थितीत आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बायकोबरोबर दुकानात जाऊन मी स्वतःच्या हातानं माझा रेग्युलेटर त्या मुलीपुढं ठेवला. तिनं त्यातला पिस्टन काढला, भिंगाखाली पाहिला, "ह्याला हात लावला न्हाईसा, देव पावला" म्हणाली आणि शेवटच्या किटसकट तो लोकरीवाल्यात बसवला. टाकीला जोडून दाबाचा काटा पाहत आम्ही तिघं उभे राहिलो. काटा जिथं थांबायचा तिथं थांबला आणि हलला नाही. बायकोनं रेग्युलेटर तोंडात धरून दुकानात उभ्या उभ्या श्वास घेतला, डोळे मिटून.

"आणि काकांचं?" मुलीनं विचारलं.

"त्यांचं माळ्यावर," बायको म्हणाली. "नियम आहे आमच्याकडे."

नेत्राणीला मी भाड्याचा रेग्युलेटर घेतला. त्याच्या तोंडपट्टीवर अनोळखी दातांचे ठसे होते. नावेत मी चेहरा शक्य तितका हुतात्म्यासारखा ठेवला. पाण्यात उतरलो, पहिला श्वास घेतला आणि चकित झालो. हवा ओढावी लागत नव्हती, आपणहून येत होती. इतकी वर्षं मी त्या कसोटीच्या मॉडेलमधून हवा उपसत होतो म्हणायचं. पुढं पिवळी लोकर हलत होती, तिच्या डोक्यावरून बुडबुडे संथ लयीत वर जात होते. एक कासव आमच्यामधून निघून गेलं, आम्हाला फारसं महत्त्व न देता. मी बाळासारखा श्वास घेत मागं मागं गेलो.

वर आल्यावर तिनं ओला टॉवेल पिळत विचारलं, "कसा होता भाड्याचा?"

"चालवून घेतला," मी म्हणालो. "तुझ्यासाठी एवढं तर..."

"हो का?" तिनं माझ्या टाकीचा काटा आपल्याकडे वळवला. "आज माझ्यापेक्षा तुमच्यात हवा जास्त उरलीय. आजवर कधी उरली नव्हती." मग डोळे बारीक करून म्हणाली, "बिचारे. उद्या तुम्ही माझा घ्या. मी घेते तो भाड्याचा."

"नको नको," मी भाड्याचा रेग्युलेटर छातीशी धरला, "तुझा तुझ्याकडेच असू दे."

नावेतले सगळे वळून पाहायला लागले, इतकी ती हसली.