गोठा म्हणून सांगितलेलं घर

“मावशी, ह्यो तर गोठा हाय. कागदावर सहाच घरं हायेत,” टेम्पोवाला म्हणाला.

सहा घरांची माणसं मागे चढून बसली होती. वर डोंगराला भेग पडलेली सकाळीच सगळ्यांनी पाहिली होती. मळवलीकडे उतरणारा रस्ता चिखलाने भरत चालला होता, आणि आमच्या घरात माझी नणंद बाजेवर पडून होती. दोन वर्षं झाली, तिला पायांनी चालता येत नाही.

“गोठा न्हाई. माणसं राहत्यात,” मी म्हणाले.

“मग दारावर आकडा कुटंय?”

आकडा मीच पुसला होता.

उन्हाळ्यात जनगणनेची बाई आली होती. शाळेतली शिक्षिका, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. आल्या आल्या तिने दारावर गेरूने आकडा लिहिला. मी लहान होते तेव्हा माहेरच्या दारावरही असाच आकडा पडला होता. लिहिणारा साहेब गोड बोलला, आईने त्याला ताक पाजलं. पुढे त्या दारावरून धरणाचं पाणी गेलं. बदली जमीन मिळाली ती सगळी दगडाची, तीही बाप गेल्यावर. त्याच घोळात माझी शाळा चौथीत सुटली. पुढे मोठा रस्ता झाला तेव्हा उर्स्याच्या बाजूला मावशीच्या शेतात आधी खुणेचे दगड आले, मग शेत गेलं. त्यामुळे घरावर खूण करणाऱ्या माणसाला मी पाणी देते, खरं सांगत नाही.

बाई विचारायला लागली. भिंत कशाची, छप्पर कशाचं, पाणी कुठून आणता, सांडपाणी कुठे जातं, घरात इंटरनेट आहे का.

“तुमाला कशाला पायजे?”

“देशात माणसं किती आहेत, कशी राहतात, हे सरकारला कळायला नको का, आजी?”

“इतकी वर्सं ह्याच गावात राहतोय. अजून कळलं न्हाई?”

ती हसली. म्हणाली, ही माहिती कुणाला दाखवत नाहीत, तसा कायदा आहे. मग तर मला पक्काच संशय आला. खालच्या अंगाला बंगले आमच्या कुंपणाला येऊन भिडलेत. जागेचा दलाल येता-जाता विचारतो, म्हातारीनंतर कोण आहे म्हणून. मी सांगून टाकलं, हा गोठा आहे, इथे कोणी राहत नाही. म्हैस पुढच्या पडवीतच बांधलेली होती, त्यामुळे खोटं पटलं.

तेवढ्यात आत नणंद खोकली.

“आत कोण आहे?”

“दुसरी म्हैस. आजारी हाय.”

बाईने माझ्याकडे पाहिलं, मोबाईलवर काहीतरी दाबलं आणि गेली. मी लगेच शेणाचा हात आकड्यावर फिरवला.

पावसाळ्याआधी ग्रामसेवक डोंगराखालच्या धोक्यातल्या घरांची यादी करायला आला. तो दारावरचे आकडे बघत चालला. आमच्या दारावर शेण आणि पडवीत म्हैस दिसली, तो पुढे गेला. मी हाक मारली नाही. डोंगराचं नाव सांगून घरं रिकामी करून घ्यायची युक्ती असेल, असं मला वाटलं. टेम्पो आला तेव्हाही तेच वाटलं. माणसं चढत होती आणि मी ओट्यावर बसून दलाल कुठे दिसतो का ते बघत होते. मग भेग रुंदावली. वरची दोन झाडं हळूच वाकली. तेव्हा मी उठले.

त्या दिवशी कुंपणापलीकडून सगळं ऐकलेली शेजारीण टेम्पोतून ओरडली, “आता म्हशीला माणूस म्हंतीस व्हय गं?”

भेदरलेली माणसंही हसली.

“व्हय, खोटं बोलले,” मी म्हणाले. “आत बाई हाय, जित्ती हाय. तिला घेतल्याबिगर जायचं न्हाई.” आणि टेम्पोपुढे चिखलात बसले.

“मावशी, उठा. वाट बंद व्हईल, मागं पोरंबाळं हायेत.”

“मग लवकर उतर.”

आतून नणंदेचा आवाज आला, “अगं, मी हाय की! मेले न्हाई अजून!”

टेम्पोवाल्याने गाडी बंद केली. चार माणसं आत गेली आणि बाजेसकट तिला उचलून आणलं. बाज मागे मावेना, तेव्हा दोघेजण उतरून पायी निघाले. मी म्हशीचं दावं सोडलं.

वाटभर नणंद मला बोलत होती. “तुज्या जिभेनं मला म्हैस केलं.”

“गप बसा, वन्सं. पाय सांभाळा,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मळवलीच्या शाळेत आमची सोय केली होती. तिथे पोचलो तेव्हा मला अजून वाटत होतं की दोन दिवसांनी परत जाऊ आणि दलालाने कुलूप बदललेलं असेल. दुपारी डोंगर खाली आला. आमचं घर आणि शेजारची दोन घरं मातीखाली गेली. दार सापडलं नाही. पायवाटेने आलेले दोघे आमच्या आधीच शाळेत पोचले होते. सातही घरांची माणसं वाचली. आमच्या घरची मी आणि माझी नणंद.